परतीची तारीख
डहाणू-तलासरीच्या जमिनीचे कागद आणि बॅकअपचे शास्त्र

संगणकाच्या धंद्यात ‘रिस्टोर’ हा शब्द दिवसातून दहा वेळा तोंडी येतो. बिघडलेली यंत्रणा पूर्वीच्या कुठल्यातरी चांगल्या तारखेपर्यंत मागे न्यायची आणि तिथून पुन्हा चालू करायची, एवढाच त्याचा अर्थ. माझी उमेदीची वर्षे याच कामात गेली. पुढे ठाणे आणि पालघर जिल्ह्यांच्या जमिनीचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा हाच शब्द अनपेक्षित ठिकाणी भेटला. १९७४ साली महाराष्ट्र विधिमंडळाने अनुसूचित जमातींना त्यांच्या जमिनी परत देण्याचा जो अधिनियम केला, त्याच्या इंग्रजी नावातच ‘रिस्टोरेशन’ आहे. नाव वाचून मी थबकलो, आणि कलमे वाचल्यावर ध्यानात आले की हे नुसते शब्दसाम्य नाही. त्या कायद्याने एक तारीख ठरवली होती आणि तिथपर्यंत मागे जायचे होते. मागे जाण्यासाठी जुन्या नोंदींची प्रत हवी होती. प्रत जिथे होती तिथे जमीन परत येऊ शकत होती. जिथे नव्हती तिथे कायदा कितीही भला असला तरी त्याच्या हाती काही नव्हते.

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत वारली समाजाची वस्ती दाट आहे. तिथला गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास जमीन जाण्याचा आणि जमीन मागण्याचा आहे. तो पुष्कळांनी लिहिला आहे, आणि माझ्याहून अधिकाराने. इथे मला त्याची एकच बाजू पाहायची आहे : नोंद कोणी केली, तिच्या प्रती किती होत्या, आणि वेळ आली तेव्हा त्या प्रतींवरून काय परत उभे करता आले.

बॅकअप म्हणजे काय

वाचकांसाठी आधी बॅकअपचे शास्त्र थोडक्यात सांगतो. माहितीची एक प्रत दुसरीकडे ठेवणे याला सगळेच बॅकअप म्हणतात, पण त्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. पहिली, एका विशिष्ट क्षणाची पूर्ण प्रत. दुसरी, त्या क्षणानंतर झालेल्या प्रत्येक बदलाची क्रमवार नोंदवही. बँकेच्या संगणकात तुमच्या खात्यावरची शिल्लक जशी असते तशीच प्रत्येक व्यवहाराची वहीही असते. शिल्लक बिघडली, तर जुनी पूर्ण प्रत घ्यायची, तिच्यावर वहीतले व्यवहार एकेक करून पुन्हा चढवायचे आणि हव्या त्या तारखेला थांबायचे. तिसरी गोष्ट म्हणजे तालीम : ठेवलेल्या प्रतीवरून यंत्रणा खरोखर उभी राहते का, हे अधूनमधून करून पाहणे. धंद्यातला सर्वमान्य नियम असा की प्रती तीन असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि निदान एक प्रत दुसऱ्या गावी असावी.

आणखी एक मर्यादा आहे, ती मात्र कोणत्याच नियमाने सुटत नाही. जे मुळात नोंदलेच गेले नाही ते परत आणता येत नाही.

दप्तराची रचना

मुंबई इलाख्यातल्या महसुली दप्तराकडे या नजरेने पाहिले, तर त्याची रचना विलक्षण आधुनिक वाटते. १८३५ पासून विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरपासून जमिनीची नवी मोजणी आणि आकारणी बसवली. गावागावांचे सर्व्हे नंबर पडले, टिपणे आणि नकाशे तयार झाले, आकारबंद ठरला. ही झाली मूळ प्रत. सारा कोणाकडून घ्यायचा ते तिच्यावरून कळत असे, पण हक्क नेमका कोणाचा हे नीट कळत नसे. म्हणून १९०३ मध्ये हक्कनोंदणीचा कायदा आला आणि १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्यातच सामावला. आजचा गाव नमुना सात, म्हणजे अधिकार अभिलेख, या वाटेने घडत आला. पिकांचा नमुना बारा त्याला जोडला गेला आणि दोघांचा मिळून सातबारा झाला.

या रचनेचा जीव मात्र नमुना सहामध्ये आहे. तो म्हणजे फेरफार नोंदवही. खरेदी, वारस, वाटणी, बोजा असे काहीही झाले की तलाठ्याने तिथे क्रमाने नोंद घालायची, हितसंबंधितांना नोटीस द्यायची, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहायची आणि मग मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित करायची. त्यानंतर सातबारावर जुने नाव कंसात जाते, नवे नाव येते आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक पडतो. जुने नाव खोडरबराने पुसत नाहीत. कंसातले नाव वाचता येते. क्रमांक धरून मागे मागे जात राहिले, तर जमीन कोणाकडून कोणाकडे कशी गेली हा सगळा प्रवास उलगडतो. संगणकशास्त्राने पुढे व्यवहारवहीची जी कल्पना मांडली, ती गावच्या चावडीत शाईने लिहिलेली आधीपासून होती.

जतनाच्या मुदतीही ठरलेल्या होत्या. अ वर्गाचे अभिलेख कायम ठेवायचे, ब वर्गाचे तीस वर्षे, आणि पुढच्या वर्गांचे त्याहून कमी. तालुक्याच्या अभिलेख कक्षात लाल कापडात बांधलेले जे रुमाल दिसतात, त्यांत कोणता कागद राहायचा आणि कोणता जायचा हे या वर्गवारीवर ठरत आले.

रचनेत एक कच्चा दुवाही होता. सातबाराचे पान भरले की, साधारण दहा वर्षांनी, त्याचे पुनर्लेखन होई. नवे पान लिहिताना चालू नावे उतरायची आणि कंसातली मागे राहायची. उतरवताना एखादे कूळ, एखादी बहीण, इतर हक्कांतली एखादी ओळ गळाली, तर पुढच्या पानावर ती गळालेलीच राहायची. प्रतीवरून प्रत काढताना माहिती झिजते, हे कॅसेटवरून कॅसेट भरून घेतलेल्या पिढीला वेगळे सांगायला नको.

चोपडीतली एकुलती प्रत

ही यंत्रणा डहाणू आणि तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यात काय नोंदवत होती? नोंदी तर नियमाने होत होत्या. १८६० च्या दशकात मुंबईहून उत्तरेकडे रेल्वे गेली, या पट्ट्यातल्या गवताला आणि लाकडाला बाजार मिळाला, व्यापारी आणि सावकार आत आले. वारल्यांच्या जमिनी कर्जापोटी त्यांच्या नावावर चढत गेल्या. कागदाच्या दृष्टीने यातले बरेचसे सुरळीत होते : खत होते, अंगठा होता, नोंद होती. ज्याचा अंगठा होता त्याला मजकूर वाचता येत नव्हता, हे सांगायला नमुन्यात रकाना नव्हता.

कर्जाचा हिशेब तर त्याहून वाईट जागी होता. तो सावकाराच्या चोपडीत असे, आणि त्या चोपडीला दुसरी प्रत नव्हती. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या रुपयांपोटी नवरा-बायको दोघे मालकाकडे राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. किती घेतले, किती फिटले, किती वर्षे उरली हे सांगणारा कागद एकच, आणि तो धनकोच्या कपाटात. माहितीची एकुलती प्रत ज्याच्या हातात, त्याच्याच हातात सत्ता. या वाक्याला याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. १९३०च्या दशकाच्या अखेरीस डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातल्या आदिवासी भागांची पाहणी करून सरकारला अहवाल दिला. त्यात या गुलामीचे वर्णन आले आणि पहिल्यांदाच तिची एक प्रत सरकारी दप्तरात पडली.

२३ मे १९४५ रोजी झरी या आज तलासरी तालुक्यात असलेल्या गावी किसान सभेची परिषद भरली आणि वारल्यांनी वेठ न करण्याचा निश्चय केला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाचजण मारले गेले. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालचा हा लढा गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवला. १९७० साली आलेल्या या पुस्तकाला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. मराठी वाचक ते आत्मकथन म्हणून वाचतो. मला ते दप्तर म्हणूनही वाचावेसे वाटते, कारण चावडीतल्या कोणत्याही नमुन्यात न बसलेली माहिती त्यात आहे.

दोन तारखा

वेठ संपली तरी जमीन मालकाच्याच नावावर होती. १९४८ चा कूळकायदा आणि त्यात १९५६ साली झालेली दुरुस्ती यांनी १ एप्रिल १९५७ हा कृषिदिन ठरवला : त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो, ठरलेल्या अटींवर, तिचा मालक मानला जाणार होता. कसणारा कोण हे कुठून कळणार? सातबाराच्या इतर हक्कांतून आणि पीकपाहणीच्या रकान्यांतून. ज्याचे नाव तिथे लागले होते त्याची बाजू भक्कम झाली. ज्याचे लागले नव्हते, त्याला आपण पिढ्यान्पिढ्या कसत आलो हे वेगळ्या पुराव्यांनी सिद्ध करावे लागले. चिखलात उभे राहून लावणी करणारा माणूस आणि नमुना बारामध्ये दिसणारा माणूस एकच असेल याची खात्री नव्हती.

त्यानंतरच्या वर्षांतही आदिवासींच्या हातून जमिनी जातच राहिल्या. तेव्हा १९७४ चा अधिनियम आला. त्याने सांगितले की १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीकडून बिगर-आदिवासीकडे गेलेली जमीन, मग ती विक्रीने जावो, गहाणाने की बक्षिसाने, मूळ धारकाला परत मिळेल. त्याने स्वतः कसण्याची हमी द्यायची आणि कायद्याने ठरवलेली रक्कम भरायची. जिल्हाधिकारी अर्जावरून किंवा स्वतःहून चौकशी करू शकत होता. ६ जुलै १९७४ नंतरच्या व्यवहारांना जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६ अ ने परवानगीची अट घातली. या अधिनियमाला आव्हान दिले गेले, ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि १९८४ च्या लिंगप्पा पोचन्ना आप्पेलवार खटल्यात न्यायालयाने अधिनियम वैध ठरवला.

संगणकाच्या भाषेत सांगायचे तर कायद्याने एक परतीचा बिंदू ठरवला आणि फेरफारांची वही उलटी चालवायला सांगितली. माझ्या माहितीत, एखाद्या राज्याने कायद्याने केलेले हे सर्वात मोठ्या रिस्टोरांपैकी एक आहे. ते शक्य झाले कारण कंसातली नावे वाचता येत होती.

पण परतीचा बिंदू निवडला की त्याआधीचे सगळे नुकसान कायम होते. हा धंद्यातला रोजचा अनुभव आहे. सोमवारची प्रत लावली तर रविवारी शिरलेला दोष तिच्यासोबत परत येतो. डहाणू आणि उंबरगावात जमिनी जाण्याचा मोठा लोंढा १९५७ च्या कितीतरी आधीचा, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचा आहे. १ एप्रिल १९५७ ला ज्या घराची जमीन आधीच गेलेली होती, त्याच्यासाठी ही तारीख फार उशिराची ठरली. शिवाय ६ जुलै १९७४ पूर्वी ज्या जमिनीचा बिनशेती वापर सुरू झाला होता ती या कायद्याबाहेर राहिली. जिथे नवे काही लिहिले गेले, तिथे जुने परत येत नाही.

दप्तराची स्थलांतरे

जुनी माहिती गहाळ होण्याचा धोका सर्वात जास्त असतो तो ती हलवताना. या दोन तालुक्यांच्या नशिबी अशी हलवाहलव वारंवार आली. १ मे १९६० ला राज्याचे विभाजन झाले, उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि उरलेली गावे महाराष्ट्रात राहिली. आजचा तलासरी तालुका त्यांतून पुढे आला. सीमेच्या एका बाजूचा वारली आणि दुसऱ्या बाजूचा वारली यांची आडनावे, दैवते, सोयरिकी एकच. त्यांची दप्तरे मात्र दोन राज्यांची आणि दोन भाषांची झाली. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर हा वेगळा जिल्हा झाला, तेव्हा ठाण्याच्या छताखालचा कारभार पुन्हा एकदा विभागला. जुना निकाल किंवा अपील शोधणाऱ्याला आधी हे ठरवावे लागते, की त्या वर्षी आपले गाव कोणत्या तालुक्यात आणि कोणत्या जिल्ह्यात होते.

सर्वात मोठे स्थलांतर कागदावरून संगणकावर झाले. केंद्र सरकारने १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रयोग सुरू केला. महाराष्ट्रातून त्यात वर्धा होता. पुढच्या दोन दशकांत हस्तलिखित सातबारा तालुक्या-तालुक्याच्या संगणकांत भरले गेले. त्यानंतर ई-फेरफार आला आणि माहिती एका मध्यवर्ती यंत्रणेत आणण्याचे काम सुरू झाले. हस्तलिखित आणि संगणकीय पान जुळवताना क्षेत्र, नाव, खाते यांतले फरक समोर आले. ते दुरुस्त करायला एडिट मॉड्यूल आणि मग री-एडिट अशी साधने तलाठ्यांच्या हाती दिली गेली. २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचनाची मोहीम झाली : संगणकातला सातबारा लोकांपुढे मोठ्याने वाचायचा आणि चूक कुठे आहे ते त्यांच्याकडून ऐकायचे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला.

या सगळ्यात मला सर्वाधिक महत्त्वाचे वाटते ते चावडी वाचन. बॅकअपच्या शास्त्रातली तालीम ती हीच. ठेवलेली प्रत बरोबर आहे का, हे ती ज्याच्याविषयी आहे त्याला विचारायचे. वारली कुटुंबांत हे फार गरजेचे, कारण एकाच पाड्यात एकाच नावाची आणि आडनावाची माणसे अनेक, आणि घरातले बोलीतले नाव एक तर कागदावरचे दुसरे. भरणी करणाऱ्याने ‘जान्या’चे ‘जानू’ केले, की वारसाला तो आपलाच आजा होता हे तहसील कचेरीत सिद्ध करत बसावे लागते. लेखनप्रमाद दुरुस्त करायला संहितेत कलम १५५ आहे, पण त्यासाठीही मूळ हस्तलिखित पान समोर लागते. म्हणून संगणकीकरण पुरे झाले म्हणून जुने बस्ते निकामी झाले, असे समजणे धोक्याचे आहे. मूळ कागद हीच दुसऱ्या माध्यमावरची प्रत आहे.

आग आणि भूकंप

२१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालयाला आग लागली. पाच माणसे दगावली आणि वरच्या मजल्यांवरच्या असंख्य फायली जळाल्या. त्यानंतर खालच्या कार्यालयांकडून प्रती मागवून फायली पुन्हा उभ्या करण्याचे काम करावे लागले. कधीकाळी जिल्ह्याला पाठवलेले एखादे पत्र तिथल्या आवक बारनिशीत सापडले, म्हणजे मंत्रालयातली फाईल पुन्हा जन्मते; हा कागदी कारभाराचा गुण त्या वेळी कामी आला. संगणक आला म्हणून आग टळत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या देजॉन येथील सरकारी माहितीकेंद्राला आग लागली, आणि सरकारी कर्मचारी आपले काम जिथे साठवत ते ८५८ टेराबाइटचे भांडार दुसरी प्रत नसल्यामुळे नाहीसे झाले. तंत्रज्ञानात जगाच्या पुढे असलेल्या देशाची ही कथा. उलट एस्टोनियासारख्या चिमुकल्या देशाने २०१७ मध्ये लक्झेंबर्गशी करार केला आणि आपल्या जमीननोंदीसह महत्त्वाच्या माहितीची प्रत परक्या भूमीवर, पण आपल्या अधिकाराखाली ठेवली. ज्याने आपला देश एकदा गमावलेला असतो, त्याला दुसऱ्या गावच्या प्रतीचे मोल कळते.

डहाणू-तलासरीला हा प्रश्न लांबचा नाही. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. लोक थंडीत घराबाहेर झोपू लागले. ज्या मातीच्या कुडाच्या घरांत माणसांना निजायची भीती वाटत होती, त्याच घरांत आढ्याला टांगलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत त्यांचे सगळे कागद होते.

आढ्याला टांगलेले दप्तर

त्या पिशव्यांत काय असते? जमिनीची जुनी पावती, रेशनकार्ड, एकसाली प्लॉटचा कागद, आणि वनखात्याने अतिक्रमणाबद्दल ठोठावलेल्या दंडाच्या पावत्या. शेवटचे वाचून वाचक चकित होईल. पण वनहक्क कायदा २००६ मध्ये आला आणि या पावत्यांचे मोल बदलले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आपण ही वनजमीन कसत होतो हे आदिवासीने दाखवायचे होते, आणि त्याला दंड करणाऱ्या खात्याची पावतीच ते दाखवत होती. शिक्षेचा कागद हक्काचा कागद झाला. नोंद करणाऱ्याच्या मनात नसलेला उपयोग पुढे तिला सापडतो. म्हणूनच जपणुकीचा पहिला धडा असा की आज कशाचा उपयोग नाही, हे ठरवण्याची घाई करू नये.

या कायद्याच्या २००८ च्या नियमांत याहून मोठी गोष्ट आहे. पुराव्यांच्या यादीत घरे, बांध, ताली यांसारख्या जमिनीवरच्या खुणा आहेत, आणि दावेदाराव्यतिरिक्त इतर वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदनही आहे. ‘हा माळ याच्या बापाने फोडला, मी तेव्हा गुरे राखत होतो’ हे म्हाताऱ्याचे सांगणे ग्रामसभेपुढे पुरावा म्हणून येऊ शकते. उपग्रहाची छायाचित्रे इतर पुराव्यांना जोड देऊ शकतात, त्यांची जागा घेऊ शकत नाहीत, हेही पुढे २०१२ मध्ये नियमांत आले. एका शतकानंतर शासनाने मान्य केले, की चावडीच्या दप्तराबाहेर माणसांच्या आठवणीत एक प्रत शिल्लक होती आणि तिच्यावरूनही परत उभे करता येते.

हे माध्यम मात्र सगळ्यांत नाशवंत आहे. २००५ पूर्वीचे नव्हे, तर १९५७ पूर्वीचे सांगू शकणारी माणसे आता फार थोडी उरली. दरम्यान मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन आणि मुंबई-दिल्ली द्रुतगती महामार्ग यांचे मार्ग याच भागातून जातात, आणि वाढवणच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. भूसंपादनाची नोटीस सातबारावरच्या नावाला येते. मोबदला त्या नावाला मिळतो. नाव कंसात गेले असेल, पुनर्लेखनात गळाले असेल, की कधी लागलेच नसेल, याची चौकशी करायला तेव्हा फार थोडे दिवस हातात असतात.

यावर करण्यासारखे काम साधे आहे. तालुक्याच्या अभिलेख कक्षातल्या हस्तलिखित फेरफारवह्या स्कॅन झाल्या तरी त्यांची मूळ पाने जपावीत. १९७४ च्या अधिनियमाखालच्या निकालांच्या फायली गावनिहाय लावाव्यात. ग्रामसभेने वनहक्काच्या दाव्यांची एक प्रत आपल्या कपाटात ठेवावी. चावडी वाचन एका मोहिमेपुरते न राहता दरवर्षी व्हावे. आणि गावातल्या म्हाताऱ्यांना पाड्यावर बसवून, शेत-शेत दाखवत, त्यांचे म्हणणे त्यांच्याच वारली बोलीत ध्वनिमुद्रित करून घ्यावे. त्याला लागतो एक मोबाइल आणि दोन-चार दुपारी. बाकीच्या प्रती पुढेही निघतील. ही एकच प्रत अशी आहे, जिची वाट पाहता येत नाही.